बेर्सीसाठी कडवं

निदारोस,
हिवाळा लागायला तीन आठवडे

प्रिय हाल्बेरा ताईस,
धाकट्या ग्लूमचा नमस्कार.

तुझा निरोप आणि लोकरीचे हातमोजे पोचले. एक मोजा मला बराच मोठा होतो. सवयीने बेर्सीच्या मापाने विणलास का? असो. आइसलँडला जाणारं शेवटचं जहाज उद्या सुटतंय, म्हणून घाईत लिहितोय. पत्र वाचणाऱ्या पाद्रीबाबांना म्हणावं, आईसमोर एवढंच वाचा: ग्लूम सुखरूप आहे, वेळेवर जेवतो. पुढचं तुझ्या एकटीसाठी.

इथे माझं फार कौतुक चाललंय. लढाईवरचं स्तुतिकाव्य ऐकून सरदारांनी दंडातलं सोन्याचं वळं काढून दिलं. जे लढले त्यांच्यासमोरच ते म्हणायचं असतं. एक शब्द खोटा निघाला तर स्तुतीची टिंगल होते. पण सगळे म्हणाले, "ग्लूमच्या नजरेतून काही सुटत नाही बुवा!" तरी जेवताना बाकावर माझ्या शेजारी कुणी बसत नाही. बेर्सीची जागा म्हणून मोकळी ठेवतात बिचारे. त्या रिकाम्या जागेशेजारी मला बसवत नाही.

आता तुझं मागणं. आपला भाऊ बेर्सी लढाईत कसा पडला, ते कडव्यात हवंय. ते ऐकल्याशिवाय आई त्याच्या नावाचा, निरोपाचा प्याला उचलणार नाही म्हणतेस.

ताई, लढाईत कवीला ढालींच्या आड उभं करतात. त्याने लढायचं नाही, नुसतं बघायचं. माझ्यापुढची ढाल बेर्सीने हट्टाने मागून घेतली होती. सकाळी सुका मासा चघळत मला म्हणाला, "कविराज, तू फक्त डोळे उघडे ठेव, बाकी मी बघतो. आणि माझ्यावर रचशील तेव्हा पोट जरा कमी दाखव!"

मग भाले आले. मी घाबरलो गं. डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो माझ्या पायाशी पडला होता, ढाल अजून माझ्यावरच धरलेली.

इतरांना विचारून पाहिलं. जो तो आपल्यापुढच्या शत्रूकडे बघत होता. बघायचं काम माझं एकट्याचं होतं.

खोटं कडवं मी आत्ता, या पानावर रचून देईन आणि तिकडे कुणाला कळणारही नाही. पण त्याची टिंगल माझ्याने होणार नाही. आईला सांग, त्या सकाळी तो मासा खात होता आणि स्वतःच्या पोटावरून हसत होता. तेवढं मी पाहिलंय. तेवढ्यावर तिने प्याला उचलावा.

मोठा मोजा परत मागू नकोस.

बेर्सीने ज्याच्यावर ढाल धरली तो,
तुझा ग्लूम