बाबांनी चालणं सोडलंय

प्रिय मास्तरीणबाई,

पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही, लिहिणार नाही, असं जिन्यात ओरडून सांगितलं होतं तुला. ओरडणं जमतं मला, निभावणं नाही. तरी फाडू नकोस, हे माझ्यासाठी नाही. बाबांनी हॉस्पिटलच्या व्यायामाला जाणं बंद केलंय. सकाळी कपडे करून पलंगाच्या काठावर बसतात, बूट घालतात, आणि मी स्कूटर काढून हाक मारली की बूट उतरवतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, झटक्यानंतर हृदय निम्म्याच ताकदीने चालतंय, व्यायाम सोडला तर पुढचा झटका झेपणार नाही. मी बाबांवर ओरडलो. मग आईवर. मग गॅरेजच्या मालकावर. त्याने मला घरी बसवलंय.

तुझी ती हॉस्पिटलच्या तळमजल्यावरची व्यायामाची खोली डोळ्यांसमोरून हलत नाही. छातीला वायरी लावून मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर चालणारे म्हातारे, आणि तुझं फर्मान, की चालताना बोलत राहायचं, बोलता येईना झालं की वेग कमी. बाबांचा जन्म लेथ मशीनच्या खडखडाटात गेलेला, घरात तोंड उघडतील तर शपथ. पण तुझ्यासमोर पट्ट्यावर चढले की तोंड थांबायचंच नाही. आमचा दिवटा कॉलेज अर्ध्यात सोडून बसलाय, म्हणून माझीच उणीदुणी काढायचे, आणि तू हसत हसत वेग वाढवायचीस. बरं होऊन काय करायचंय, असं तू एकदा प्रत्येकाला विचारलंस. शिंपीकाकांना गच्चीवर चढायचं होतं. कंडक्टरना नातीला कडेवर घ्यायचं होतं. बाबा तुझ्याकडे बघत म्हणाले, पोराच्या लग्नात दारात उभं राहून पाहुण्यांना या या म्हणायचंय, तेवढं बघा मास्तरीणबाई. सगळे खो खो हसले. तू लाजलीस आणि फळ्यावर ते लिहिलंस. मला वाटलं, ठरलं. बाबांनाही तेच वाटलं. तू नुसतं तुझं काम करत होतीस, हे आम्हा बापलेकांच्या टाळक्यात शिरलंच नाही.

ज्यावरून मी जिन्यात ओरडलो, ते तुझं लग्न ठरल्याचं मी त्यांच्यापासून लपवलं होतं. तुझ्या जागी आलेल्या मुलीने ते सहज सांगून टाकलं. घरी आल्यावर पलंगावर आडवे होत एवढंच म्हणाले, आता कुठल्या दारात उभं राहू रे मी? मी म्हटलं, करीन की दुसरीशी. माप चुकलेला नट हातात धरावा तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि कूस बदलली.

त्यांना चालायला काहीतरी हवंय, आणि माझ्याकडे द्यायला काही नाही. ना पदवी, ना सून. म्हणून मागतोय, त्यांना तुझ्या लग्नाला बोलाव. फोन करून तुझ्या त्या दटावणीच्या आवाजात सांग, की कार्यालयाला भरपूर पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, तेव्हा उद्यापासून व्यायामाला लागा. माझं ते ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. मी त्यांना फाटकापर्यंत आणून सोडीन. आत येणार नाही. तमाशा करणार नाही असा शब्द द्यायला हवा, पण माझ्या शब्दाची किंमत तुला माहीत आहे. म्हणून रस्त्याच्या पलीकडेच थांबीन. तिथून पायऱ्या दिसत असल्या, तर बाबांना चढताना बघीन.

हक्क नसताना, अजून तुझाच