पूजेतली पक्कड आणि चिकपेटचा अंधार

बेंगळूर,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, शके १९१८

तीर्थस्वरूप कृष्णवेणीवन्सं यांच्या पायांशी धाकट्या भावजयीचा, हेमावतीचा, वाकून नमस्कार.

देवीच्या कृपेनं इकडे सगळे सुखरूप आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला बांधत असालच, पण शेजारणीने दिलेला नको, स्वतः पाहून तोडलेला बांधा. होसकोट्याच्या नव्या घराचा स्लॅब पडला हे वाचून आनंद झाला. त्याच पत्रात तुम्ही लिहिलंत की आपल्या घराण्यातली बाई वायरमन होऊन शिडीवर चढते हे ऐकल्यापासून तुमच्या डोळ्याला डोळा नाही. वन्सं, निर्धास्त झोपा. एकशेवीस दिवसांत मला कुणीही एकदासुद्धा शिडीवर चढू दिलेलं नाही.

आधी हे कसं घडलं ते सांगते. ह्यांची फॅक्टरी बंद पडली आणि ह्यांनी वायरमनचा वर्ग शोधून काढला. पण तिथे मॅट्रिकचा दाखला लागतो. तुमचे बंधू "मॅट्रिकपर्यंत" शिकलेत असं तुम्हीच आमच्या लग्नाच्या बैठकीत सांगितलं होतंत (तो शब्द किती तोलून वापरला होता ते मला आत्ता, तेवीस वर्षांनी, कळलं). घरात पास झालेली मी एकटी. म्हणून बेचाळिसाव्या वर्षी मी वर्गात बसले. पुस्तकातलं अवघड गेलं नाही. अर्थिंग म्हणजे तर घरची सूनच, कुठेही बिघाड होवो, निमूट अंगावर घ्यायचा आणि जमिनीत जिरवायचा. (झटका देणारी फेज कोण ते लिहीत नाही, तुम्ही मोठ्या आहात.) खरी अडचण पुढे आली. परमिटच्या परीक्षेला बसायचं तर लायसनवाल्या कंत्राटदाराच्या हाताखाली एकशेवीस दिवसांचा अनुभव लागतो, डायरीवर त्याच्या सहीनिशी. आणि ज्या कंत्राटदाराकडे जावं तो पहिला प्रश्न विचारतो, "अनुभव आहे का?" म्हणजे पोहता आल्याशिवाय विहिरीत उतरायचं नाही आणि विहिरीत उतरल्याशिवाय पोहायला यायचं नाही. शेवटी चिकपेटेतले यल्लाप्पा "सरी, बरं, या" म्हणाले. बेळगावकडचे आहेत, मराठी बोलतात. माणूस वाईट नाही, पण बाईच्या हाती वायर देणं म्हणजे पोराच्या हाती कात्री देणं असं त्यांना मनापासून वाटतं.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, लिहून ठेवल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. त्या एकशेवीस दिवसांचा जमाखर्च असा: शिडी धरली, दिवस एकाहत्तर. छिन्नीने भिंतीत खाचा पाडल्या, दिवस चौतीस. काम चाललेल्या घरातल्या बायकांना बोलण्यात गुंतवून वायरींपासून लांब ठेवलं, दिवस पंधरा. एकदा जयनगरात रत्नाबाई म्हणून आहेत त्यांच्याकडे पंखा बसवायला मला एकटीला पुढे पाठवलं. त्यांनी दारातच कुंकू लावलं, पाटावर बसवून ओटी भरली, कॉफी दिली आणि विचारलं, "वायरमन कधी येणार हो?" मी म्हटलं, "मीच." त्या हसल्या, माझ्या हाताला अत्तर लावलं, आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसल्या. यल्लाप्पा येईपर्यंत मी नारळ मांडीवर घेऊन बसले होते. डायरीत काय लिहावं हा प्रश्न पडला. "पंख्याच्या जागेची पाहणी" असं लिहिलं.

असे दिवस भरले, पण सही होईना. "अक्का, शिडी धरली म्हणून कुणी वायरमन होतंय काय?" असं यल्लाप्पा म्हणत. (शिडी कुणी धरायला लावली ते मी विचारलं नाही. सही व्हायची होती.)

मग आली खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचं काम मात्र यल्लाप्पांनी आपण होऊन मला दिलं, त्याला अनुभव विचारला नाही. सकाळी आधी उमाजीअण्णांच्या साड्यांच्या दुकानात जाऊन त्यांच्या फ्यूजबोर्डाची षोडशोपचारे पूजा केली (डायरीत "बोर्डाची देखभाल"). मग आमच्या गाळ्यात येऊन टेस्टर, पक्कड, ड्रिल, सगळं पाटावर मांडून यथासांग पूजा केली. दुपारी तीनला उमाजीअण्णांचा माणूस धावत आला. दुकानात काळोख, दसऱ्याचं गिऱ्हाईक आत, आणि बाहेरच्या उजेडात रंग बघू म्हणून बायका साड्या घेऊन रस्त्यावर निघालेल्या. यल्लाप्पांनी पाटाकडे हात नेला. मी आडवी आले.

"अक्का, ती पक्कड द्या इकडं."

"पूजेतली हत्यारं उद्या उत्तरपूजेशिवाय उचलत नाहीत."

"माझी पक्कड हाय हो ती."

"काल होती. आज देवी आहे."

त्यांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "मग जावा तुमीच. मोकळ्या हातानं जावा आणि लावा दिवे. लावलात तर सही करतो, नाहीतर उद्यापासून येऊ नका." वन्सं, एकशेवीस दिवस एका वाक्यात टांगले गेले. मी देवीला नमस्कार केला आणि निघाले. मागून ते हाताची घडी घालून आले, गंमत बघायला.

पण एकाहत्तर दिवस शिडीखाली उभं राहून माणूस काय करतो? वर बघतो. त्या दुकानाचं काम झालं तेव्हा कुठली वायर कुठल्या फ्यूजला गेली ते मी खालून बघून डायरीत उतरवलं होतं, कुठल्या नातेवाईकाकडून काय आहेर आला ते लिहितात तसं. मेन स्विच बंद केला. एकेक फ्यूज हातानेच ओढून काढला, पाहिला, परत बसवला. पाचव्याच्या आत ओल होती. पदराने आतबाहेर कोरडं पुसलं, जळलेली तार काढून चार आण्याच्या नाण्याने स्क्रू आवळून नवी लावली, आणि सगळी बटणं बंद करून, मेन स्विच लावून, ती एकेक सुरू करत गेले. साड्या झगझगल्या. उमाजीअण्णांनी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर यल्लाप्पांना म्हटलं, "बिघाड कुठे आहे ते बघताक्षणी ओळखलं हो बाईंनी. तुमची माणसं अर्धा दिवस घेतात." तिथेच साड्यांच्या गठ्ठ्यावर डायरी ठेवून यल्लाप्पांनी एकशेवीस ठिकाणी सह्या केल्या.

घरात थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गुडघ्याचं जरूर कळवा.

तुमची,
हेमावती

ता. क. तुमच्यापासून काही लपवून मला पुरण गोड लागायचं नाही. ती ओल पंचामृताची होती. सकाळच्या पूजेत बोर्डाला यथाशास्त्र स्नान मीच घातलं होतं, म्हणून बिघाड बघताक्षणी ओळखला. मधाला मुंग्याही लागल्या होत्या. देवीला त्याच दिवशी सांगितलं. यल्लाप्पांनाही सांगणार होते, पण ते सह्या करत होते, आणि लिहिणाऱ्याचा हात अडवू नये.

ता. क. दुसरा. परीक्षेला आता एकच गोष्ट कमी आहे, एक अख्खं घर स्वतःच्या हाताने केल्याची नोंद. यल्लाप्पा देखरेखीला येतो म्हणालेत, शिडीही धरतो म्हणालेत. तुमच्या होसकोट्याच्या घराचं वायरिंग अजून कुणाला दिलं नसेल तर मला द्यावं, एवढ्याचसाठी हे पत्र. वास्तुशांतीला मेन स्विचची पूजा मात्र माझ्याकडे नको. ती तुम्हीच करा, कोरड्या अक्षता वाहून.