न्योकीची रंगीत तालीम

६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं! म्हणजे फक्त बघायचं ठरलं. अमोल. पुण्यात सॉफ्टवेअर, घर इथेच त्रिमूर्तीनगरात, सुट्टीवर येतोय. फोनवर दोनदा बोललो. आवाज छान आहे — लिहून टाकलं, झालं.

पण कांदेपोहे घरी नाहीत. त्याच्या वडिलांचा निरोप — आजकाल घरी कोण बघतं, धरमपेठेत ते नवीन इटालियन उघडलंय, सोळाला तिथेच भेटू. आई खूश. बाबा फोन ठेवून भिंतीकडे बघत बसले. हिंगण्याच्या कारखान्यात जन्मभर विजेच्या मोटरा दुरुस्त केल्या, शॉकला कधी घाबरले नाहीत. आणि आज मला हळूच विचारतात, "मिनल, तिथं काट्यानंच खा लागते का वं?"

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबांनी बेत आखलाय. आधी एकदा गुपचूप जाऊन यायचं. रंगीत तालीम! आईला सांगायचं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळपर्यंत अख्खी कॉलनी हसेल.

मग घरी काय सांगायचं? "चष्म्याचा नंबर तपासाले चाललो म्हणू," बाबा म्हणाले. किती पटकन म्हणाले! आता मला त्यांचे जुने सगळे चष्म्याचे नंबर आठवून राहिले.

९ फेब्रुवारी, रविवार

गेलो!

पाटीवर लिहिलंय — स्मॉल प्लेट्स. बाबा म्हणाले, "मग मोठ्या कुठं आहेत?" वाढणाऱ्या मुलीनं नीट सांगितलं — छोट्या छोट्या प्लेटा मागवायच्या, मधोमध ठेवायच्या, सगळ्यांनी वाटून खायच्या.

"म्हणजे डबा पार्टी!" बाबा एकदम सैल झाले. कारखान्यात दुपारी रोज हेच तर चालायचं.

मेन्यूतलं एक नाव बाबांनी मोठ्यानं वाचलं — "ग्नोची." ती मुलगी हसू दाबत म्हणाली, "न्योकी, सर. ग म्हणत नाहीत." बाबा गंभीर झाले. "मग छापला काहून?" बटाट्याचे मऊ मऊ गोळे निघाले ते, लोण्यात परतलेले. आवडले. मग भाताचे तळलेले गोळे आले. बाबांनी आत वाकून बघितलं — "हा तर उलटा गोळाभात! आपल्याकडं भातात गोळे, इथं गोळ्यात भात!" मग एक पांढरा चीजचा गोळा आला. बाबांनी काटा लावला आणि तो फुटला, आतली साय ताटलीभर. "म्या नाही फोडला! आपोआप फुटला!" अख्खं हॉटेल बघायला लागलं.

माझ्या काट्याखालून एक ऑलिव्ह उडालं ते शेजारच्या काकांच्या सुपात. आम्ही दोघं छताकडे बघत बसलो. छत छान आहे.

घरी आल्यावर आई — "काय म्हणते नंबर?"

"वाढला," बाबा म्हणाले. "आता पिठलंभाकर पण वाढ."

१२ फेब्रुवारी, बुधवार

बाबा भाकर काट्यानं खाऊन राहिले. आई विचारते, हे डोळ्याच्या डॉक्टरनं सांगितलं का?

१६ फेब्रुवारी, रविवार

कुठून सुरू करू!

दारातच ती वाढणारी मुलगी — "या सर, परत आलात!" आईनं गर्रकन वळून बघितलं. बाबा शांत. "माझ्यासारखा दिसणारा दुसरा कोणी असंल." आईनं नुसते डोळे वटारले. बाकीचं घरी गेल्यावर.

अमोल फोटोपेक्षा बराच बरा. त्याचे वडील मोठ्यानं बोलणारे. त्याची आई, कामिनीताई, कोपऱ्यात पदर सावरून बसलेल्या. मेन्यू आला तो वडिलांनीच घेतला, आणि आमच्यासकट सगळ्यांचं तेच सांगत सुटले. कामिनीताईंनी एका चित्रावर हळूच बोट ठेवलं. "हे काय असते?"

"तुले नाही जमणार ते," अमोलचे वडील म्हणाले, आणि मेन्यू मिटला. "इले साधं सूप द्या."

अमोल माझ्याकडे वळला. "तुझ्यासाठी पास्ता सांगतो. सेफ आहे."

"मला न्योकी," मी म्हणाले.

तो हसला. "ग्नोची म्हणायचंय का तुला?"

बाबांनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी नम्रपणे, शाळेतल्या मास्तरांसारखं, म्हणाले, "न्योकी. ग म्हणत नाहीत."

मी टेबलाखाली बाबांच्या पायावर पाय दिला. आनंदानं! त्यांना वाटलं चूप राहा म्हणतेय.

मग भाताचे गोळे आले. कामिनीताईंनी एक हातानं उचलला. "काटा घे ना! लोक पाहून राहिले," त्यांचे हे. कामिनीताईंनी तो परत ताटलीत ठेवला. "आई, तू पण ना!" अमोल हसत म्हणाला.

बाबांनी आठवडाभर घाम गाळला होता हो त्या काट्यासाठी. तो त्यांनी बाजूला ठेवला. एक गोळा हातानं उचलला, खाल्ला, बोटं चाटली. मग ताटली कामिनीताईंपुढे धरली. "घ्या ताई. गरम आहे तोवरच मजा."

त्यांनी आधी नवऱ्याकडे बघितलं. मग घेतला.

येताना आई स्कूटीवर माझ्या कानात — मुलगा चांगला आहे, शांत आहे, पगार आहे. मला कळेना. अमोलनं निघताना ‘घरी पोचलीस की कळव’ म्हटलं, ते गोडच वाटलं. आवाज अजूनही छानच आहे, तीच तर पंचाईत!  घरी चष्म्याच्या नंबरावरून आईनं बाबांना फैलावर घेतलं, तेव्हा ते आपले चष्मा पुसत बसले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

त्यांचा होकार आला! आई पेढे आणायला चप्पल घालून निघालीच होती. बाबा म्हणाले, "थांब वं. पोरीले तर विचारू दे."

मी म्हणाले, दोन दिवस द्या. आईनं चप्पल काढली नाही. तशीच सोफ्यावर बसली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन. कामिनीताई! "नाही म्हण, पोरी. माझा पोरगा आहे, वाईट नाही. पण बापाचंच पाहून शिकला." मागे गाड्यांचा गोंगाट. मी विचारलं, तुम्ही कुठून बोलताय? "बसस्टँडवरून. अमरावतीले बहिणीकडं चालली. घरी सांगितलं नाही." मी म्हणाले, काही खाल्लं का? "हो वं. तर्री पोहे," त्या म्हणाल्या. "मीच मागवले."