फांद्याखाऊ यंत्र आणि एक बाही

६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे आम्ही खुशाल आहोत. डाळिंबाची छाटणी संपली आणि बांधावर फांद्यांचा ढीग खिडकीइतका उंच झाला. दरवर्षी आम्ही तो पेटवतो, आणि धूर इमानेइतबारे आमच्याच स्वयंपाकघरात येतो. यंदा हिने बजावलंय की ढीग पेटला तर चूल पेटणार नाही. म्हणून फांद्यांचा भुगा करून तो झाडांच्या बुडाशी पसरायचं ठरवलंय.

भुग्याचं यंत्र विकत आणणं हे डोकं नसलेल्यांचं काम. मी ते शेडमध्येच बनवतोय. जुन्या मळणी यंत्राचा ड्रम आहे. भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांची बारा पाती कापून घेतली आहेत. फिरवायला ट्रॅक्टर आहेच. त्याच्या मागच्या फिरत्या दांड्याला जोडलं की काम फत्ते. वेल्डरला चित्र दाखवलं. त्यानं मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाला की मी कागद उलटा धरलाय.

कामाचे दोन शर्ट शिवून पाठव, पूर्ण बाहीचे. काट्यांनी जुन्यांच्या चिंध्या झाल्या. गंमत म्हणजे कापड फाटलं, पण तुझी शिवण जागची हलली नाही.

तुझा लोभ आहेच. जमल्यास थोडं कौतुकही असावं, ही विनंती.

तुझा भाऊ


११ जानेवारी

चि. कारखानदारास,
अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की माप द्यायला पोट आत ओढून उभं असलेलं गिऱ्हाईक श्वास सोडायचंच विसरलं. त्याच्या विजारीला आता दोन इंच वाढवून द्यावे लागणार, ते तुझ्यामुळे.

तुझ्या यंत्रांचा इतिहास मला तोंडपाठ आहे. डाळिंबं पुसायचं यंत्र केलंस. डाळिंबं चकाकली खरी, पण भिंतीवरून खरवडून काढावी लागली. आपोआप मिटणारं फाटक केलंस. टपालवाला दुपारभर तुमच्या अंगणात अडकला आणि जेवूनच गेला. या खेपेला मात्र मला आशा आहे, कारण वेल्डरला कागद सुलटा धरता येतो.

शर्ट अर्ध्या बाहीचे शिवते. फिरत्या लोखंडाजवळ लोंबतं कापड नको. माझ्या साध्या पायमशीनच्या चाकात एकदा माझी वेणी गेली होती, आणि तिथे काही ट्रॅक्टर जोडलेला नव्हता.

भावजयीला आशीर्वाद. धूर आणि नवरा दोन्ही सोसते, धन्य आहे तिची. लोभ आहे, तो तुझ्या प्रयोगांत जळू नये.

तुझी ताई


२९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

यंत्र तयार झालं! मनगटाएवढी फांदी डोळ्याचं पातं लवायच्या आत गायब होते आणि दुसऱ्या तोंडातून भुगा उडतो. शेजारचे दोन बागवाले खास हसायला आले होते. ते जाताना पात्यांचं माप विचारून गेले.

एक बारीक अडचण आली होती, ती तुला कळवायला नको होती, पण हिने लिहिलंच असतं. यंत्र शेडमध्ये बांधलं आणि पुरं झाल्यावर लक्षात आलं की ते दारातून बाहेर निघत नाही. दहा इंचांनी अडत होतं. हिचं म्हणणं पडलं की बांधायच्या आधी दार मोजतात. आता झाल्यावर कुणीही शहाणं होईल. मी शांत डोक्यानं विचार केला. फांद्या आत सरकवायला पत्र्याची पन्हळ लावली आहे, ती अठ्ठावीस इंचांची होती. कापून अठराची केली. यंत्र लोण्यासारखं बाहेर आलं, आणि रोज संध्याकाळी तसंच आत जातं.

शर्ट पूर्ण बाहीचेच हवेत. डाळिंबाचे काटे तुला माहीत नाहीत.

कौतुकाची वाट बघतोय. लोभ असावा, हसू नये.

तुझा भाऊ


३ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. उ. आ.

हसत नाहीये.

माझ्या मापांच्या वहीत तुझं पान उघडलं. खांदा ते मनगट चोवीस इंच. मनगट ते बोटाचं टोक साडेसात. एकूण साडेएकतीस. पन्हळ अठरा. वजाबाकी तुला येत असेल तर कर, नसेल तर मीच करते: साडेतेरा इंच हात पात्यांच्या वाट्याला येतो. तुझी आधीची अठ्ठावीस इंचांची पन्हळही तोकडीच होती. आत कितीही वाकलं तरी बोट पात्याला पोचता कामा नये, पन्हळ एवढी लांब हवी. हे कळायला वेल्डर लागत नाही, टेप लागते.

शेडची भिंत विटांची आहे. पाडली तर पुन्हा बांधता येते. ते यंत्र तसंच वापरू नकोस, मी हात जोडते. मला जोडायला दोन आहेत, तुझेही दोनच राहू देत.

तुझी ताई


८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू कापड कापावंस आणि मी लोखंड. दोघांनी आपापल्या पायरीनं असावं. मी काही दूधपितं बाळ नाही. हात कुठवर घालायचा ते मला कळतं. एका पन्हळीसाठी चांगली भिंत पाडणारा मी पहिला वेडा ठरेन. वेल्डरही तुझ्यासारखंच काहीतरी पुटपुटला, त्याला चहा देऊन वाटेला लावला.

शर्ट लवकर पाठव. आणि शिवण नेहमीसारखी घाल. मी सगळ्यांना सांगतो, आमच्या ताईच्या हातची शिवण हत्तीने ओढली तरी सुटायची नाही.

रागावलीस तरी लोभ चालू ठेवावा.

तुझा भाऊ


१४ फेब्रुवारी

चि. भावास,
अ. उ. आ.

बरं. दोन शर्ट पाठवत आहे, पूर्ण बाहीचे, तुझ्या मर्जीप्रमाणे. काम करताना हेच घाल. जुने घालू नकोस. एवढं तरी माझं ऐक.

तुझी ताई


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहायचं नव्हतं, पण न लिहून कसं चालेल? डोळे तपासून घे. पहिल्याच दिवशी कफाचं बटण गळून पडलं. परवा तर शर्टाची अख्खी उजवी बाही खांद्यातून निघाली, तीही वेल्डरसमोर. इतकी वर्षं तुझ्या शिवणीच्या फुशारक्या मारल्या, आता कुठल्या तोंडानं मारू? वय होतं माणसाचं, समजू शकतो. पण गिऱ्हाइकांना असं काही देऊ नकोस.

यंत्र सध्या बंद ठेवलंय. थोडं तेलपाणी करायचं आहे.

लोभ असावा.

तुझा भाऊ


२८ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

यांनी काल तुम्हाला जे लिहिलं ते अर्धंच आहे. उरलेलं मी लिहिते. पाकीट मीच टाकते, त्यांना माहीत नाही.

तीन दिवसांपूर्वी फांदी सरकवताना तिच्या काट्यात यांचा कफ अडकला. फांदी आत खेचली गेली आणि तिच्यामागून हातही. मी ट्रॅक्टरपाशी धावले, पण मी इंजिन बंद करण्याआधीच बाही खांद्यातून उसवली आणि हातावरून सरकन निघून गेली. बटण नव्हतंच, त्यामुळे कफही मनगटाला अडला नाही. कोपर खरचटलंय, बाकी हात धडधाकट आहे. बाहीचा भुगा झाला. तो झाडाच्या बुडाशी पडलाय, हे तिकडे फिरकत नाहीत.

तेव्हापासून हे उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसतात. जेवताना मध्येच थांबतात. यंत्रांबद्दल अक्षर नाही. घरात एवढी शांतता मला सोसत नाही.

मी तो शर्ट निरखून पाहिला. कापड कुठेच फाटलेलं नाही. राहिलेल्या बाहीच्या मुंढ्याला, खांद्याच्या जोडावर, नुसता धावदोरा आहे, पक्क्या शिलाईआधी आपण घालतो तसा. दुसऱ्या शर्टालाही तेच. पक्की शिलाई मारायला तुम्ही विसरलात, असं मला वाटत नाही.

तुमची माया अशीच पाठीशी असावी.

तुमची भावजय


४ मार्च

चि. भावास,
अ. उ. आ.

भावजयीचं पत्र मिळालं. तिच्यावर डोळे वटारू नकोस. पत्र वाचून मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि रडले. मग तुझ्यावर भयंकर चिडले, तेव्हा कुठे बरं वाटलं.

माझे डोळे ठीक आहेत. तू ऐकणार नाहीस हे तू रांगायला लागलास तेव्हापासून मला माहीत आहे. आणि वर तूच लिहिलंस की माझी शिवण हत्तीने ओढली तरी सुटायची नाही. ते वाचून मी हातातली कात्री खाली ठेवली, कारण ते खरं आहे. चाळीस वर्षांत माझ्याकडचा एक कपडा उसवून परत आलेला नाही, आणि त्याचा मला ताठा आहे. म्हणून तुझ्या चारही बाह्या कच्च्या टाक्यानं जोडल्या आणि कफाची बटणं एकेका दोऱ्यावर ठेवली. टाके घालताना चोरी करत असल्यासारखी लाज वाटत होती. तरी घातले.

आता गावभर माझ्या नावानं शंख कर, मला चालेल. शर्ट परत पाठवलेस तर पक्की शिलाई मारून देते. मात्र आधी पन्हळीचं माप कळव. ते आल्याशिवाय मी सुईत दोरा ओवणार नाही.

तुझी ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भिंत पाडली. पन्हळ साठ इंच: साडेएकतीस हाताचे, बाकी वाकण्याचे. वेल्डरनं विचारलं की हे माप आलं कुठून, तर तुझ्या वहीचं सांगितलं. तो म्हणाला की पुढच्या वेळी चित्रही ताईंकडूनच काढून आणा.

काल उरलेल्या फांद्या संपवल्या. मोठ्या हिमतीनं उभा राहिलो, पण पहिली फांदी आत गेल्यावर आधी बोटं मोजली. हिने पुन्हा मोजून खात्री केली.

दोन्ही शर्ट पाठवत आहे. एकाला नवी बाही लागेल. बाह्या कच्च्याच ठेव, आणि लोभ पक्का असावा, ही विनंती.

तुझा भाऊ