आधी माझं ताट

१७ नोव्हें.
आणि म्हशीचं दूध तेवढं वाया गेलं, मी न्हाई. परत तेच. आज पण फोनवर दादांनी, म्हणजे बापानं, म्हैस काढलीच. "दोन वर्सं दूध, तूप, बदाम सांगलीला तालमीत पोच केलं. तू गटारात वतलंस." वतलं. कबूल. पण वस्ताद म्हणले, विकास खालच्या वजनगटात उतरला तर जिल्ह्यात त्याला हात लावणारा कोण न्हाई, तवा मान हलवणारं कोण होतं? खुराक पण खायचा आणि काट्यावर हलका पण भरायचा. मग पोरगं खाल्लेलं ओकून टाकतंय हे कळलं, तर घरात वाईट कुणाचं वाटलं? म्हशीचं.

फोन मी ठेवला. पहिल्यांदा.
६ पैकी ४.

१९ नोव्हें.
डॉक्टरबाईंचा कागद शेगडीच्या मागं भिंतीला लावलेला, फोडणी उडून उडून तेलकट झाला. परत लिहून काढला. दिवसाला सहा वेळा खायचं. सकाळी, दहाला, दुपारी, चारला, रात्री, झोपताना दूध. काय खाल्लं ते वहीत. मनात आलं ते पण वहीत. खोलीत वजनकाटा ठेवायचा न्हाई. सातवीतनं शाळा सोडलेल्याला वही दिली बाईंनी! म्हणल्या, शुद्धलेखन मी बघत नाही.

आणि खाली लाल पेनानं: स्वयंपाक करणाऱ्यानं आधी स्वतःचं ताट वाढून घ्यायचं. बसून संपवायचं. मग दुसऱ्याला वाढायचं.

बाकी सगळं जमवीन. हे एक जड जातंय. तालमीत ज्याची पाळी तो रांधणार, सगळ्यांना वाढणार आणि सगळ्यात शेवटी बसणार. मी दुसऱ्यांच्या पाळ्या मागून घ्यायचो. माझा जोडीदार संजा तर वर्षभर चुलीपुढं आलाच न्हाई. "इक्याच्या हाताला चव हाय" म्हणायची सगळी. तीस तीस भाकऱ्या थापल्यात मी. शेवटी बसणाऱ्याच्या ताटात काय हाय, कोण बघतंय?

बाईंनी बघितलं. पहिल्याच दिवशी विचारलं, स्वयंपाक कोण करतं?

२२ नोव्हें.
सकाळी सहाला स्ट्रॉबेरी तोडायला वाकलो ते दहाला सरळ झालो. पाचगणीची थंडी. बोटं आपली हायत का दुसऱ्याची कळंना. मालक म्हणतो तोडताना खाऊ नका. मला सांगायची गरजच न्हाई.

खोलीत माझ्यासंगं बिरू हाय. जतच्याबी पलीकडचा, घरी मेंढरं. रोज दारातनं आत येतानाच विचारतो, "ऊटा आतेनू?" जेवण झालं का, त्यांच्या बोलीत. आज झालं होतं. मी माझी भाकरी खाऊन मग त्याची थापायला बसलो. बघत राहिला. "तू आधी जेवतोस, मी उपाशी बसून बघतोय. तू काय माझी सासू हायस का?"
कागद वाचून दाखवला. नीट ऐकून घेतलं त्यानं. मग म्हणला, "आमच्यात आधी मेंढरं, मग कुत्री, मग मानसं. तुला मेंढरांत घातलाय म्हण की."
हसलो. लय दिवसांनी.
६ पैकी ५. चारचं चुकवलं.

२४ नोव्हें. रवि.
आठवड्याचं आजच ठरवून ठेवायचं, म्हणजे आयत्या वेळी पळवाट राहत न्हाई, असं बाई. लिहिलं.
सोम. मटकी. मंगळ. पिठलं भात. बुध. अंड्याचं कालवण. गुरु. शेपू (बिरू शिव्या देणार). शुक्र. वांगं. शनि. उरलंसुरलं. पुढचा रवि. मटण अर्धा किलो, दोघांत.
मटण दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा बिरूनं पेन काढून घेतलं.

२७ नोव्हें.
इथनं जावं वाटतंय. कुठं, म्हाईत न्हाई. आधी उसाच्या ट्रॅक्टरवर होतो, मग कराडला हॉटेलात, मग वाईला. चार महिन्याच्या वर कुठंच न्हाई. हॉटेलात सगळ्यात बरं वाटायचं. दिवसभर दुसऱ्याला घालायचं आणि आपण खाल्लं का हे कोण विचारत न्हाई.
इथं बिरू विचारतो. म्हणून जावं वाटतंय.

३० नोव्हें.
आईचा फोन. सोमवारी दादा येणार. "काय बोललं तर ऐकून घे. तूप देतीया." का येणार ते सांगितलं न्हाई तिनं. म्हणजे तिला म्हाईत हाय.

२ डिसें.
कडेगावहून तीन यष्ट्या बदलून आले. खोली बघितली, शेगडी बघितली, भिंतीवरचा कागद वाचला. पिशवीतनं तूप, बदाम आणि एक छापील फॉर्म काढला. सांगलीत निवड चाचणी, जानेवारीत. खालचा गट. नाव माझं, सही त्यांची.
"वस्तादास्नी शब्द दिलाय. महिना हाय हातात."

मी भाकऱ्या थापल्या. आमटी, उकडलेली अंडी, खरडा. दादा हात धुऊन बसले. बिरू बाजूला. आणि मी माझं ताट वाढून घेतलं आणि खायला लागलो.
"हे काय?"
"डॉक्टरांनी सांगितलंय."
"बापाच्या आधी?"
"व्हय."
"वस्ताद बसल्याबिगर तालमीत कोण घास उचलत न्हाई. हेच शिकलास का तिथं?"
"तिथं काय शिकलो ते तुमाला म्हाईत हाय, दादा."

बिरू जमिनीकडं बघत होता. मी चावत होतो. एक भाकरी, वाटी आमटी, दोन अंडी. एवढी लांब भाकरी जन्मात खाल्ली न्हाई. आमटी घशाखाली ढकलत होतो आणि दादांचं रिकामं ताट समोर. ते तसं रिकामं ताट घेऊन माझ्यापुढं कवाच बसले नसतील. कुणापुढंच नसतील.
संपवलं. उठलो, त्यांना वाढायला. वाढलं पण. ते उभे राहिले, चपला घातल्या.
"माझं भरलं."
तीनची गाडी हाय म्हणले. तीनची गाडी नसती.

ताट बिरूनं खाल्लं. "वाया कशाला घालवायचं? पैलवान, तुजा बाप लय मोठा मानूस. दोन अंडी सोडून गेला."
फॉर्म तुपाच्या बरणीखाली तसाच.

५ डिसें.
तीन आणि चार तारखेला लिहिलं न्हाई. तीनला काय झालं ते मला म्हाईत आणि मोरीला म्हाईत. बिरूला पण कळलं असणार, एका खोलीत किती लपवणार. आज त्यानं वही पुढं केली.
"लिही."
"तूच लिही."
"मला सही तेवढी येती. म्हनशील तर सगळ्या पानावर करतो."
तीन ता.: ६ पैकी १. चार ता.: ६ पैकी २. आज: ६ पैकी ४. लिहिलं. झालं?

१० डिसें.
सुट्टी काढून सांगलीत विश्रामबागला, डॉक्टरबाईंकडं. काट्यावर पाठमोरं उभं करतात. आकडा त्या बघतात, लिहितात, मला सांगत न्हाईत. दिवसातनं चार वेळा आकडा बघणारा माणूस मी. खाली उतरताना मान वळतीच. बाईंनी हात आडवा धरला.

चाचणीचं सांगितलं. वाटलं न्हाईच म्हणतील, मग दादांना सांगायला बरं. तर म्हणल्या, "कुस्ती सोड असं मी म्हणत नाही. वजन उतरवायचं नाही, एवढंच म्हणते. आहेस त्या गटात खेळ ना."
आहे त्या गटात मी कोण? शंभरातला एक. दोन मिनिटांत चितपट. खालच्या गटात मला बघायला माणसं उभी राहायची. हे बाईंना बोललो न्हाई. गाडीत बसल्यावर सुचलं, म्हणून इथं लिहितोय. ओकायचं सोडायला जमंल, ती माणसं सोडायला...

साताऱ्याच्या स्टँडवरनं दादांना फोन केला. "माझं नाव काढा." पलीकडनं नुसता टीव्हीचा आवाज. मग तो पण बंद.
स्टँडवर पोहे खाल्ले. ते चारचं धरलं.

१४ डिसें.
आईचा फोन. दादा जाऊन नाव काढून आले. दोन दिवस घरात कुणाशी बोलले न्हाईत, म्हशीशी बोलतात. "तू खातूस न्हवं?"
"खातो."
"आधी?"
"आधीच."
मग हसली. "मी असं केलं तर तुजी आज्जी फोटूतनं उठून येईल रं."
मी म्हणलं येऊ दे. म्हणली, तुला बोलायला काय जातंय. खरं हाय ते.
६ पैकी ६.

१६ डिसें.
दुपारी डब्या भरताना संजाचा फोन. तालमीतनं.
"इक्या, तुझ्या जागी मला उतरीवत्यात. खालच्या गटात."
त्याचं हाड माझ्यापेक्षा जाड. तो तिथं कसा उतरणार?
"तेच इचारतोय गड्या. तू कसं करायचास? तेवढं सांग."
"न्हाई सांगणार."
"जळतोस व्हय?"
"जळतोय."
"मग? सांगितलंस तर तुजं काय जातंय?"
"संजा, वर्षभर तुझी पाळी मी केली. मी काय खायचो बघितलंस का कवा?"
मला वाटलं, त्याला समजलं. मग म्हणला, "तुझ्या दादांनीच माझा खुराक घेतलाय अंगावर. चांगला मानूस हाय. तुला किंमत न्हाई."
बाईंचं नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. "मी काय येडा हाय का?" म्हणला. कट.
दोन डब्यांतली फळं दाबली गेली. मालकाच्या शिव्या खाल्ल्या. त्या सहात धरत न्हाईत.

१८ डिसें.
काल तीनदा, आज दोनदा फोन लावला. संजा उचलत न्हाई. बिरू म्हणतो, "सोड. ज्याचं मेंढरू त्यानं हाकावं." मला सोडवंना. माझ्या मागं चुलीपुढं आता तोच बसत असणार. कोण त्याला विचारतंय?

संध्याकाळी दादांचा फोन. स्वतःहून. तब्येत विचारली न्हाई, जेवण विचारलं न्हाई. "तुझ्यापायी माझा शब्द गेला. संजाच्या खुराकाला तू हात लाव." मी म्हणलं, खुराकाला एक रुपाया देणार न्हाई. "मग कशाला देणार?" त्यांनी फोन ठेवला.

मटकी, भाकरी, दही. आधी माझं. मग बिरूचं.

जेवून संजाच्या नंबरवर पैसे टाकतोय. पाचशे बाईंची फी, शंभर जायच्या आधी पोटभर जेवायला. मेसेज तेवढाच लिहिला, बाकी काय लिहायचं कळंना. त्याचे तो बदाम आणंल न्हाईतर बाईंकडं जाईल, मी काय बघायला जाणार न्हाई. जिंकला तर मला लय जड जाईल. हे पण लिहून ठेवतो, बाई म्हणल्यात मनात आलं ते लिही.
रु. ६००.