परक्याच्या दारावर

धुळे, १२ जानेवारी ६९, रविवार
काल दुपारी ऑफिस सुटल्यापासून तोंडातून शब्द नाही. सकाळी दूधवाल्याला "अर्धा लिटर" म्हणायला गेलो तर घसा खरखरला. म्हणाला, "साहेब, आजारी का?" विचारलं तरी कोणी! जळगावहून बदली होऊन चौदा महिने झाले. आई असती तर... जाऊ दे.

१५ जाने., बुध.
छातीत धडधड. डॉ. म्हणतात, काही नाही, चार लोकांत मिसळा. चार लोक आणू कुठून? ऑफिसातले सगळे इथलेच, पाच वाजले की आपापल्या घरी. मी पायऱ्यांवर उगाच चपलेचा पट्टा नीट करत बसतो, कोणी सोबत निघेल म्हणून. या वयात!

१९ जाने., रवि.
गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गेले. दारासमोर सतरंजी, माणसं बसलेली. मी नुसता रस्त्याने चाललो होतो. एकजण सरकला, "या भाऊ, बठा." बसलो. सांत्वनाला दारावर आलेल्याला कोणी विचारत नाही, तू कोण. खांद्याला खांदा लावून तासभर. कोरा चहा. घरी येऊन दोन वेळचं एकदम जेवलो, झोपही लागली. शी! त्या म्हाताऱ्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं.

२ फेब्रु., रवि.
आज तिसरं दार, तेही शिरपूरला, एसटीने. कुठे कोण गेलं ते न्हाव्याकडून कळतं. दाढी निमित्ताला. आज खरंच रडू आलं, कोणीतरी पाठीवरून हात फिरवला.

९ फेब्रु., रवि.
आठ दिवसांत कोणी गेलं नाही. न्हावी म्हणाला, देवाची कृपा. आणि मला राग आला. गावात कोणी मेलं नाही म्हणून राग! आईने थोबाडीत दिली असती.

१३ फेब्रु., गुरु.
नदीपलीकडे कापसाच्या जिनातले जुने मुकादम गेले. सगळे नाना म्हणत. दारावर पाचच माणसं. जो तो एवढंच म्हणे, "लई कडक माणूस." त्यांची बायको, अक्का, उंबऱ्याशी बसलेली. एकदम मलाच म्हणाली, "भाऊ, तुमनी न यासनी वळख कशी?"
मेली ही जीभ. सांगून बसलो: नरडाण्याला माझी गाडी चुकली होती, उपाशी होतो, नानांनी आपल्यातली अर्धी भाकर दिली. गाडी चुकली नाही, नरडाण्याला मी कधी उतरलोही नाही. अक्काने डोळ्यांना पदर लावला. सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि ते मला आवडलं.

१६ फेब्रु., रवि.
बोलावलं नसताना पुन्हा गेलो. अक्काने आल्यागेल्याला भाकरीची गोष्ट सांगितलीय. धाकटा दीर म्हणाला, "आमना नाना? अन् भाकर?" मी गप्प बसावं ना! वर गोष्टीतल्या भाकरीवर मिरचीचा ठेचाही वाढला. निर्लज्ज सदासुखी. येताना शीळ घालत होतो.

२५ फेब्रु., मंगळ.
गंधमुक्ती, नानांचा तेरावा. पंगती उठल्या, लोक पांगले. मी शेवटचा, अजून ताटावर. अक्का समोर येऊन बसली. म्हणाली:
"भाऊ, एक ईचारू का? तीस वरीसमा यासनी माले कधी 'जेवनी का' म्हनून ईचारं नही. तुमले, वाटवरला मानूसले, अर्धी भाकर दिन्ही. मन्हामा काय कमी व्हतं?"
मी खाली मान घालून ताटातलं संपवलं. संपवलं! घास उतरला कसा?

२७ फेब्रु., गुरु.
ऑफिसला गेलो नाही. मला वाटलं, मेलेल्या माणसाबद्दल चांगला शब्द बोललो, कोणाचं काय गेलं? तिचं गेलं. आता ती बाई आपल्यात काय उणं होतं ते शोधत बसणार, माझ्या थापेपायी. खरं सांगितलं तर ते दार बंद. धुळ्यात मला दुसरं दार नाही. हे सगळं कळतं, तरी खोलीतून पाय निघत नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१ मार्च, शनि.
दीर ऑफिसात आला. चोराच्या मनात चांदणं, वाटलं पकडलो. तो निरोप घेऊन आलेला. "वहिनीनी उद्या जेवाले बलावं शे. भाऊ एकलाच राहस, म्हने."
येतो म्हणालो.
उद्या उंबऱ्यातच सांगायचं, ताटावर बसायच्या आधी. एकदा बसलो की मी काही सांगणार नाही. मी ओळखतो मला.