गाडी पाठवू नको

मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशीम
६ जानेवारी २०२५

चि. सौ. ज्योत्स्ना हिला आईचे अ. उ. आ. वि. वि.

जावईबापूंनी नवी गाडी घेतली म्हणून जुनी बाबांना पाठवते, असं तू फोनवर म्हणालीस. मी नुसतं हूं हूं केलं, कारण हे शेजारीच बसले होते. ह्यांचे डोळे गेले, पण कान अजून तिखट आहेत. म्हणून पत्र लिहिते.

बाई, मला गाडी ह्या नावाचीच शिसारी आली आहे. पहिली जीप आठव. गावात लग्न कोणाचंही असो, वऱ्हाड आपल्याच जीपमध्ये. नाही म्हटलं तर ह्यांची इभ्रत जायची. वऱ्हाडी बुंदी खाऊन ओकायचे आणि दुसऱ्या दिवशी राख घेऊन मी घासायची. मग व्हॅन आणली. तिच्या सीटखाली उंदीर मेला. तो शोधायचा सोडून ह्यांनी उन्हाळाभर गाडीत उदबत्त्या लावल्या. अजूनही देवघरात उदबत्ती लागली की मला मळमळतं. तिसरी गाडी पांढरीशुभ्र, पण सीटवरचं प्लास्टिक ह्यांनी सात वर्षं काढू दिलं नाही. नवेपण जाते म्हणे! घामानं लुगडं चिकटायचं, प्लास्टिकखाली सांडलेला चहा कुजायचा.

आता तुला न सांगितलेलं ऐक. गेल्या पोळ्याला ती गाडी जानरावांच्या उकिरड्यात गेली. मी आतच होते. शेणानं माखलेल्या मला चौघांनी ओढून काढलं. ब्रेक लागला नाही, असं हे गावभर सांगतात. ब्रेक लावलाच नव्हता. ह्यांना उकिरडा दिसलाच नाही. मोतीबिंदू काढा म्हटलं, तर मले समदं दिसते म्हणून अंगावर येतात. तुझी गाडी आली की मला पुन्हा शेजारी बसावं लागेल, आणि समोर दर वेळी उकिरडाच असेल असं नाही.

मुलांना गोड पापा. माया आहे तशी राहू दे.

तुझी आई
तुळसाबाई

पुणे
१४ जानेवारी

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे. तरी लागलं नाही तर आईकडून वाचून घ्या. उकिरड्याचं मला कळलं. तिच्यावर डाफरू नका. गाडी धुऊन तयार आहे. वाशीमला दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं की लगेच पाठवते. आधी नाही. राग आला तरी लोभ कमी करू नये.

आपली
ज्योत्स्ना

मेडशी
२० एप्रिल

चि. ज्योत्स्नास अनेक आशीर्वाद.

दोन्ही डोळे झाले. हे पत्र मीच लिहितो आहे. कबुलीप्रमाणे गाडी आता माझी.

वाशीमहून परतताना एसटीत ड्रायव्हरमागची जागा मिळाली. आपला रस्ता कित्येक वर्षांनी नीट पाहिला. शी! ट्रक अंगाला खेटून जातात. ट्रॅक्टरला मागे दिवा नाही. मोटरसायकलवर तिघं, त्यातला चालवणारा फोनवर बोलतो आणि जाता जाता खर्र्याची पिचकारी आपल्या खिडकीवर मारतो. मी तुझ्या आईचा हात घट्ट धरून बसलो. तुमी भेऊन राह्यले काय, असं तिनं दोनदा विचारलं.

ह्याच रस्त्यानं मी बेधडक गाडी हाणायचो, तेव्हा लोक माझ्या छातीचं कौतुक करत. छाती कसली, काही दिसतच नव्हतं!

गाडी पाठवू नको, विकून टाक. तिच्याच शब्दाखातर गाडी सोडली, असं तुझ्या आईला सांगितलं आहे. ती फार खूश आहे. तू मध्ये बोलू नको.

सर्वांस आशीर्वाद. येणं करावं.

तुझे बाबा
नानाजी